सुखाचे औचित्य

मध्य प्रदेश शासनाच्या कोषालय सेवेत आम्ही चौतीस वर्षे काढली. या काळात हाताखालून किती देयके गेली याची गणती करणे अशक्य आहे. परंतु त्यांपैकी कित्येक देयके एकच आक्षेप नोंदवून आम्ही परत पाठविली, हे स्पष्ट आठवते : 'खरेदीचे औचित्य नमूद नाही.' खुर्ची असो, पंखा असो, की एखाद्या तहसील कार्यालयाच्या जीपचे टायर असोत, वस्तू कशासाठी हवी याचे उत्तर नस्तीवर लेखी नसेल तर पैसा सुटत नसे. गेल्या वर्षी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आम्ही स्वतःकरिता एक वापरलेली मोटार विकत घेतली आणि हाच आक्षेप घरच्या मंडळींनी आमच्यावर नोंदविला. आक्षेप बिनतोड होता, हे इतक्या वर्षांच्या सवयीने आम्हांला मनोमन मान्य करावे लागले.

गाडीची गरज होती, याविषयी वाद नव्हता. आमच्या पहिल्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली होती आणि तिच्या पाट्यांनी व पत्र्याने त्यापूर्वीच निवृत्ती घेतली होती. रोजची भाजी, सौ.च्या गुडघ्यांसाठी आठवड्यातून दोनदा डॉक्टर, लोकमान्य नगरातून राजवाड्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी होणाऱ्या खेपा, क्वचित महेश्वर किंवा उज्जैन. एवढाच आमचा संसार. मुलगा हैदराबादेस असतो. त्याने फोनवर सगळे नीट मांडून दिले. "बाबा, नवी गाडी घ्या, उंच आसनाची घ्या, गिअर आपोआप बदलणारी घ्या. आईला चढाउतरायला सोपे पडेल, आणि पाच वर्षे मिस्त्रीचे तोंड पाहावे लागणार नाही." या सल्ल्यात एकही चुकीचा शब्द नव्हता. आम्ही तो ऐकला आणि फोक्सवॅगनची २०२१ सालची पोलो घेतली.

वाचकांपैकी ज्यांना मोटारींचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ही गाडी पुण्याजवळ चाकणला तयार होत असे. २०२२ साली तिचे उत्पादन भारतात थांबले. २०२० पासून तिला एक हजार घनसेंटिमीटरपेक्षा एकाने कमी असे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन बसविले जाई. शक्ती ११० अश्वशक्तीची, आणि सहा गिअर हाताने बदलायचे. बाहेरून पाहणाऱ्याला ती चारचौघींसारखी लहान गाडी दिसते. आत बसणाऱ्याला मात्र पाय जरा लांबवून, जमिनीजवळ बसावे लागते. स्टिअरिंग वळविले की पुढची चाके तत्काळ आज्ञा पाळतात, वळणावर अंग फारसे झुकत नाही, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय किंचित दाबला की पाठीला कोणीतरी हळूच पुढे लोटल्याचा भास होतो. या लोटण्यासाठी आम्ही पैसे मोजले. दुसरे औचित्य शोधूनही सापडत नाही.

गाडी एका तरुण अभियंत्याची होती. घरी तान्हे बाळ आले म्हणून तो मोठी गाडी घेत होता. जुनी गाडी घेणे हे देयक तपासण्यासारखेच काम आहे, असे आमच्या ध्यानात आले, आणि खरे सांगायचे तर त्यातही सुख वाटले. टायरच्या कडेला चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. चारही टायर एकाच आठवड्याचे व गाडीइतकेच जुने निघाले, म्हणजे मूळचेच. मीटरवर एकतीस हजार किलोमीटर होते. हा आकडा खरा की खोटा हे पॅडलचे रबर, स्टिअरिंगचे कातडे आणि चालकाच्या आसनाची दाराकडील शिवण सांगते. त्यांची साक्ष सर्व्हिसच्या पुस्तकाशी जुळली. इंजिन रात्रभर थंड राहिलेले असतानाच सुरू करून पाहावे, म्हणून आम्ही सकाळी सहाला त्याच्या दारात हजर झालो. तो डोळे चोळत बाहेर आला. दारांच्या खांबांवरील वेल्डिंगचे ठिपके, बॉनेटचे बोल्ट, गालिच्याखालचा ओलावा, सारे पाहिले. नोंदणी-पुस्तकावर बँकेचा बोजा नव्हता. नमुना २९ आणि ३० वर सह्या करताना त्याने विचारले, "काका, तुम्ही मुलासाठी घेताय ना?" आम्ही "हो" म्हणालो. हे पहिले असत्य. पासष्टीच्या माणसाला आपल्या आनंदाची एवढी लाज का वाटावी, हा प्रश्न परतीच्या वाटेवर आमच्या शेजारच्या आसनावर बसून घरापर्यंत आला.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर श्रेयस आणि प्रेयस या दोन शब्दांत मिळते. कठोपनिषदात यम नचिकेत्याला हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य आणि रथही देऊ करतो. तो मुलगा वाहने तुझी तुझ्यापाशीच राहू देत, असे सांगून सगळे परत करतो. जे हितकर ते आणि जे प्रिय ते यांच्या वाटा निराळ्या, शहाणा हितकर निवडतो. बालपणापासून हे आम्ही ऐकत आलो आणि त्यातील तेज आम्हांला नाकारायचे नाही. पण नचिकेत्याला मृत्यूचे रहस्य जाणून घ्यायचे होते. आम्हांला भाजी आणायची होती. एक गाडी घ्यायचीच होती. अशा वेळी दोन गाड्यांपैकी जी चालविताना मन प्रसन्न होते ती घेतली, तर श्रेयसाचा कोणता मार्ग सोडला गेला? वाटा निराळ्या असतात हे सत्य. पण प्रत्येक वळणावर त्या फुटतातच असे मानून चालणे, ही आम्हां मध्यमवर्गीयांची जोड असावी. प्रिय आहे, म्हणून संशयास्पद आहे, असा आमचा हिशेब.

या हिशेबाचे एक रूप आपल्या जुन्या घरांतून सर्वांनी पाहिले असेल. आमच्या आईची एक पैठणी होती. होळकरांच्या चाकरीत असलेल्या आमच्या पणजोबांच्या काळापासून ती घरात होती. ट्रंकेत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, कडुनिंबाच्या पाल्यासह. आईने ती आयुष्यात तीनदा नेसल्याचे आम्हांला आठवते. 'प्रसंगाला' म्हणून ती ठेवलेली असे, आणि कोणताही प्रसंग त्या पैठणीइतका मोठा होत नसे. आई गेल्यानंतर सौ.ने ती उलगडली, तेव्हा रेशीम घड्यांवरून तुटले होते. नेसल्याने कापड झिजते, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे एकाच घडीवर दुमडून ठेवल्यानेही ते मरते. त्या दिवशी सौ. बराच वेळ ते तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. काही बोलली नाही.

रविवारची गाडी निराळी आणि रोजची निराळी, असे श्रीमंतांना करता येते. आमच्यासारख्याला एकच गाडी परवडते, आणि त्यामुळे प्रश्न असा पडतो : आनंद देणारी वस्तू रोजच्या कामाला जुंपावी काय? रोज वापरली की तिची नवलाई जाईल, असे आमचे एक मित्र म्हणाले. नवलाई गेली, हे आम्ही कबूल करतो. तीन महिन्यांत गेली. पण तिच्या जागी दुसरे काही आले. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात असे मांडले आहे की सुख ही कर्माच्या बाहेरची, त्याच्या मोबदल्यात मिळणारी वस्तू नव्हे. कर्म नीट घडत असताना ते त्यालाच पूर्णत्व देते, ऐन तारुण्यात येणाऱ्या कांतीसारखे. महाविद्यालयात हे पाठ केले होते. समजले ते गिअर बदलताना. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच सोडण्यापूर्वी इंजिनाची गती जरा वाढविली, तर गाडीला धक्का बसत नाही. हे साधले की बरे वाटते, चुकले की लगेच कळते. जुनी गाडी आम्ही पंधरा वर्षे चालविली, पण तिच्यात बसून आम्ही निवृत्तिवेतनाचा, मुलाच्या लग्नाचा, शेजाऱ्याच्या कुंपणाचा विचार करीत असू. या गाडीत आम्ही गाडी चालवितो. जाम घाटातील वळणे ताशी चाळीसच्या वेगाने उतरतानाही मन दुसरीकडे जात नाही. सुखासाठी वेग लागतोच असे नाही, हे तिने शिकविले.

खर्चाची बाजूही लिहून ठेवली पाहिजे. दाराशी टर्बो बांधला की तेल वेळच्या वेळी आणि सांगितलेल्या प्रतीचेच घालावे लागते. बुटके टायर महाग, आणि इंदूरचे गतिरोधक तर तिरके होऊन ओलांडावे लागतात. २०२५ पासून पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. २०२३ पूर्वीच्या गाड्या त्या प्रमाणासाठी घडविलेल्या नाहीत, म्हणून रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवण्यास आमच्या मिस्त्रीने बजावले आहे. हे सारे आम्ही आनंदाने सोसतो, कारण सुख आमचे आणि खर्चही आमचाच.

पण सगळाच खर्च आमचा नाही, आणि येथे नस्ती अडते.

पहिले नाव सौ.चे. बुटक्या आसनावर बसताना तिला गुडघ्याच्या खाली उतरावे लागते, आणि उठताना दाराची चौकट धरावी लागते. पहिल्या आठवड्यात तिने एक जाड उशी शिवली व ती गाडीत कायमची ठेवली. "अहो, चालते मला," एवढेच म्हणाली. 'चालते' हा शब्द आमच्या घरातील स्त्रियांनी किती पिढ्या वापरला असेल! त्या शब्दावर आक्षेप नोंदवायला आम्ही चौतीस वर्षांत कधी शिकलो नाही.

दुसरे नाव आम्हांला ठाऊक नाही. गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळचे पावणेसात, ए. बी. रस्ता जवळपास रिकामा, दूरच्या चौकात हिरवा दिवा. आम्ही पोहोचण्याच्या बेतात असताना तो पिवळा झाला. जुनी गाडी असती तर आम्ही थांबलो असतो, कारण ती पोहोचलीच नसती. ही पोहोचू शकत होती. पाय दाबला गेला. 'गेला' असे लिहिणे हीसुद्धा कोषालयातील भाषा, आम्ही दाबला. डावीकडून एक करडी स्कूटर त्यांच्या दिव्याची वाट न पाहता निघाली होती. चूक त्याचीही होती, पण त्याच्या स्कूटरला ११० अश्वशक्ती नव्हती. आम्ही करकचून ब्रेक मारला, त्याने वळविले, ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरून आडवी झाली. मागे सात-आठ वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात. खरचटण्यापलीकडे कोणाला लागले नाही. डबा उघडून पोहे रस्त्यावर सांडले. आम्ही धावत गेलो. तो माणूस ओरडेल अशी आमची अपेक्षा, किंबहुना इच्छा होती. त्याने मुलीला उभे केले, एकदा गाडीकडे पाहिले, एकदा आमच्या पांढऱ्या केसांकडे, आणि म्हणाला, "अंकल, आप भी?"

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता. हे आकडे केंद्र सरकारच्या अहवालातील आहेत. आम्ही ते पूर्वीच वाचले होते. वेग दीडपट झाला की आघाताची ऊर्जा सव्वादोन पट होते, हेही शाळेतच शिकलो होतो. ज्ञान कमी पडले नाही. सुखाने आमचे लक्ष तल्लख केले, असे वर मोठ्या समाधानाने लिहिले आहे. त्या सकाळी ते तल्लख लक्ष दिव्यावर, गिअरवर आणि स्वतःवर होते. डावीकडे नव्हते.

त्यानंतर सहा आठवडे गाडी आवरणाखाली होती. आम्ही रिक्षाने जात असू. मुलाने विकून टाकण्यास सुचविले, आणि आम्ही जवळजवळ तयारही झालो. तेव्हा सौ. म्हणाली, "ट्रंकेत ठेवायची असेल तर घेतली कशाला? चालवा, पण हळू चालवा. हळू चालविताना बरी असते, असे तुम्हीच सांगत होता ना?" तिच्या मनात पैठणी होती की नाही, आम्ही विचारले नाही. आसन उंच करणारी एक लोखंडी फळी मात्र मिस्त्रीकडून तिच्या बाजूला बसवून घेतली. तेवढी उंची पुरेशी नाही; उशी अजून लागते.

गाडी पुन्हा रोज निघते. आनंदही होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. त्या चौकात दिवा हिरवा असला तरी आम्ही दुसऱ्या गिअरवर येतो आणि डावीकडे पाहतो. पावणेसातच्या सुमारास मुद्दाम दोन-चारदा तिकडून गेलोही. करड्या स्कूटरी इंदुरात पुष्कळ आहेत. मागे शाळेची मुलगी बसलेली दिसली की आम्ही काच खाली करतो.