जिथं थांबलो, तिथूनच पुढं

नर्मदेची परिक्रमा सगळ्यांना सलग जमत नाही. नोकरी असते. घरात म्हातारं माणूस असतं. मग काही जण खंड परिक्रमा करतात. रजा असेल तेवढं चालायचं, घरी परतायचं. पुढच्या खेपेला जिथं थांबलो, तिथूनच पुढं. नदी उजव्या हाताला. ओलांडायची नाही.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली असेच निघाले, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. टप्प्याटप्प्यानं, वर्षानुवर्षं चालत राहिले.

घाटांची वाट कुणालाही आवडेल. पण मध्येच डांबरी रस्ता लागतो. ट्रक, धूळ, पायाला फोड. शेजारून बस जाते. हात केला तर थांबेलही. कोण विचारणार आहे? कुणीच नाही. तरी माणूस चालतो.

श्रोतेहो, भावाभावांतल्या अबोल्याचंही असंच. दिवाळीला फराळाचा डबा पाठवून मधलं अंतर टाळता येतं. तेही वाईट नाही म्हणा. पण बोलणं जिथं थांबलं, तिथूनच पुढं जावं लागतं. तो जुना विषय काढावा लागतो. जीभ अडखळते.

असा एखादा फोन राहिला असेल, तर सकाळची वेळ बरी. अजून कुणी कामाच्या गडबडीत नसतं.