यंत्र आणि त्याचे कागद

कुंडलच्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी देऊ केलेल्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला, तेव्हा लोखंडी फाळाने जमीन नासते असा ग्रह असलेल्या शेतकऱ्याच्या गळी तो नांगर उतरविणे हे मोठे कर्मकठीण काम होते; परंतु नांगर एकदा घरी आला, की त्याचा फाळ कोठे बसतो, तो कशाने आवळला आहे आणि झिजल्यावर काय बदलावयाचे, हे सातारा-सांगलीकडील कोणाही लोहाराला तो उलथा करताच उमगण्याजोगे होते. त्या यंत्राचा दस्तऐवज त्याच्या अंगावरच होता.

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. त्याची चिप फोडली तरी डोळ्यांस काही दिसत नाही. कोणत्या रजिस्टरात, म्हणजे चिपमधील आकड्यांच्या कोणत्या कप्प्यात, कोणता आकडा लिहिला असता पडद्यावर रेघ उमटते, हे ज्या कागदांत नमूद असते ते कागद निर्मात्याच्या दप्तरात बंद राहिले, तर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली वापरणाऱ्याने पुरी किंमत मोजूनही अर्धेच यंत्र घरी आणलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठी मुक्त ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीच्या वतीने कार्ड चालविणारी आज्ञावली, लिहिणाऱ्या नूव्हो प्रकल्पातील मंडळींना कंपनीचाच ड्रायव्हर चालवून, तो कार्डाला काय काय लिहून पाठवितो याची टिपणे घ्यावी लागली आणि त्या आकड्यांच्या राशीतून एकेकाचा अर्थ ताडावा लागला. केवढी ही बुद्धी, आणि ती खर्ची पडली ती जे कोणाला तरी आधीच ठाऊक आहे ते पुन्हा हुडकण्यात!

या अवस्थेवर उपाय म्हणून, ज्याचे आराखडे कोणासही वाचता यावेत असे कार्डच स्वतः घडवावे, या संकल्पाने अमेरिकेतील टिमोथी मिलर यांनी २००४ साली ओपन ग्राफिक्स प्रकल्प आरंभिला. अंतर्गत जोडण्या पुन्हा पुन्हा बदलता येणाऱ्या एफपीजीए चिपवर आधारलेले त्यांचे प्रयोगकार्ड सिद्धही झाले. परंतु त्याची किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती, आणि त्यापुढची स्वतंत्र चिप काही घडली नाही. तरीही कार्डाचे कागद खुले असावेत ही त्या मंडळींची मागणी अवास्तव होती असे कोणी म्हणू नये, कारण २००७ साली एएमडीसारख्या बड्या कंपनीनेच आपल्या कार्डांची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. कागद उघडे केल्यास प्रतिस्पर्धी नक्कल करील, ही सबब मला पटत नाही. चिप कशी घडवावी याचा आराखडा निराळा आणि तिच्याकडून काम कसे घ्यावे याची माहिती निराळी, आणि ग्राहकाचा हक्क निदान या दुसरीवर तरी निर्विवाद आहे.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. एफपीजीएचे साधे बोर्ड आता मिलर यांच्या काळाइतके महाग राहिलेले नाहीत. त्यांवर पडद्याला ठिपके पुरविणारे छोटे मंडल रचणे आणि त्याचा प्रत्येक रजिस्टर मराठीत नोंदवून ठेवणे, हे अशा विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते पाहावयास मला फार आवडेल. परंतु सारा भार विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. सार्वजनिक पैशातून शाळांसाठी संगणक खरीदले जातात, तेव्हा सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांनी निविदेत एवढे एकच कलम घालावे, की ज्या यंत्रभागाची प्रोग्रॅमिंगविषयक कागदपत्रे जाहीर नाहीत, तो स्वीकारला जाणार नाही.