भय आणि भाव

फसला त्याचा दोष, की फसविणाऱ्याचा? प्रश्न सोपा वाटतो, पण गावात उत्तर उलटेच मिळते. फोनवर कोणी पोलीस बनून दरडावतो, 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली माल सापडला, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणास सांगू नका!' आणि म्हातारा माळकरी जन्माची पुंजी पाठवून बसतो. मग लोक हसतात. म्हणे, भोळा भाव नडला!

हे मला पटत नाही. त्याला भावाने नव्हे, भयाने लुटले. भय चढते ते एकट्या माणसाला. म्हणून तर 'कोणास सांगू नका' ही चोराची पहिली अट. कायद्यात डिजिटल अटक नावाची चीजच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हेच सांगितले. शेजारच्या पोराला विचारले तरी तो सांगेल. वाटेत रस्ता विचारताना वारकऱ्याला कधी कमीपणा वाटला आहे काय? मग इथेच का वाटावा?

वाटतो, कारण आपण हसतो. फसलेला लाजेने दोन दिवस गप्प राहतो. १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळविले, तर पैसा पुष्कळदा वाटेतच अडविता येतो. उशीर झाला की तो खात्यांमागून खाती फिरून नाहीसा होतो. तेव्हा दिंडीत कोणी असा रडवेला दिसला तर आधी फोन लावून द्यावा. कसे फसलात, ते मागाहून विचारता येईल.