अंगणातले बिऱ्हाड

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे शब्द एकमेकांच्या जवळचे असले तरी त्यांचा अर्थ एक नाही. घर बांधले जाते, त्याला पाया असतो आणि ते वारशाने पुढच्या पिढीकडे जाते. बिऱ्हाड थाटले जाते तसे हलवलेही जाते, त्याचा जमिनीवर कायमचा हक्क कोणी गृहीत धरत नाही, आणि म्हणूनच विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हण सांगते. अमेरिकेतील अनेक कुटुंबे मात्र या दोन्ही गोष्टी एकाच कुंपणाच्या आत मागतात. उपनगरापासून दूर काही एकर जमीन, तिच्यावर राहते घर आणि त्या घराशेजारी ट्रॅव्हल ट्रेलर उभा करता येईल एवढी मोकळी जागा, असे त्यांच्या शोधाचे स्वरूप असते. वरवर पाहता हा वाहन ठेवण्याच्या सोयीचा प्रश्न आहे. परंतु स्वतःच्या जमिनीवर काय असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा आणि समाज कोणत्या निवाऱ्याला घर मानतो, हे दोन जुने प्रश्न त्याच्या तळाशी आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, पिकअप ट्रकसारख्या दणकट वाहनाच्या मागे जोडून ओढून नेले जाणारे चाकांवरचे निवासस्थान. इंजिन आणि निवास ज्यात एकत्र असतात त्या मोटरहोमपासून ते वेगळे आहे. महामार्गाच्या नियमांमुळे त्याची रुंदी साडेआठ फुटांपलीकडे जात नाही, लांबी मात्र 30 फुटांच्या पुढेही जाते, आणि तेवढ्या जागेत बिछाने, शेगडी, शौचालय, तसेच स्वच्छ पाणी, सांडपाणी व मैलापाणी यांच्या स्वतंत्र टाक्या बसवलेल्या असतात. 1919 मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे मोटारीने भटकंती करणाऱ्यांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ हा संघ स्थापन केला, आणि लगेच पुढच्या वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेची शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येहून प्रथमच अधिक भरली. गाव सोडणारा समाज रानावनात मुक्काम करण्याची साधने त्याच सुमारास घडवू लागला, हे केवळ तारखांचे जुळणे मानण्यापेक्षा एका उणिवेची भरपाई मानणे अधिक योग्य ठरेल. वॉली बायम यांनी 1931 मध्ये एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली आणि 1936 मध्ये तिचा ‘क्लिपर’ हा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आला, तेव्हा देश महामंदीतून जात होता. एकीकडे सुट्टीची चैन म्हणून ट्रेलर विकत घेतले जात होते आणि दुसरीकडे कामाच्या शोधात फिरणारी माणसे त्यांतच संसार करत होती. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांची सोय करण्यासाठी सरकारने हजारो ट्रेलर वापरात आणले. पुढे 1950 च्या दशकाच्या मध्यास विस्कॉन्सिन राज्यातील एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंदीचे फिरते घर बाजारात आणल्यावर, एकाच जागी वर्षानुवर्षे राहण्यासाठीचे ‘मोबाइल होम’ आणि प्रवासासाठीचा ट्रॅव्हल ट्रेलर यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरीही हौस आणि हलाखी यांनी एकाच छपराखाली वाढण्याचा हा इतिहास ट्रेलरला चिकटून राहिला, आणि त्याच्याकडे पाहण्याच्या नजरेत आजही तो उतरलेला दिसतो.

ही नजर कायद्यातही उमटली. अमेरिकी शहरांत ‘झोनिंग’, म्हणजे कोणत्या भूखंडावर कोणता वापर चालेल हे आधीच ठरवून देणारी भूवापराची विभागणी, विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली आणि 1926 मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला घटनात्मक मान्यता दिली. या सार्वजनिक नियमांवर पुढे खासगी नियमांचा थर चढला. घर खरेदी करताना खरेदीपत्राबरोबर काही निर्बंध कायमचे स्वीकारावे लागतात आणि ते पाळले जातात की नाही हे घरमालकांची संघटना पाहते. अशा सामायिक संघटनांच्या कक्षेत आज 7 कोटींहून अधिक अमेरिकी राहतात. हिरवळ किती वाढू द्यावी, दाराला कोणता रंग द्यावा, कपडे कोठे वाळत घालावेत याबरोबरच ट्रेलर रस्त्यावरून दिसेल असा ठेवू नये, किंवा एक-दोन दिवसांहून अधिक काळ ठेवूच नये, हे कलम त्यांच्या नियमावल्यांत सर्रास आढळते. 1947 पासून न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनमध्ये कुंपण घालण्यास आणि सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालण्यास मनाई होती, आणि त्याच वसाहतीची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. वंशभेदाचे असे निर्बंध न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला. ट्रेलरवरील बंदी आणि वंशभेद यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तथापि शेजाऱ्याच्या अंगणात काय किंवा कोण दिसते यावर स्वतःच्या घराची किंमत ठरते, ही धारणा दोहोंच्या मुळाशी आहे, हे नजरेआड करता येत नाही.

या निर्बंधांची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लहान भूखंडांच्या वस्तीत 30 फुटांचे वाहन घरापुढे उभे राहिले तर वळणावर समोरचे दिसत नाही, पदपथ अडतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड जातो. म्हणून दाट वस्तीत नियम असणे गैर नाही. आक्षेप आहे तो अडचण आणि अशोभा यांत भेद न करण्यावर. मागच्या परसात, कोणाच्याही वाटेत न येता उभा असलेला ट्रेलरही केवळ दिसतो म्हणून निषिद्ध ठरतो, तेव्हा नियमाचा आधार सोय हा राहत नाही, दृश्य हा होतो. मालकाला मग गावाबाहेरील भाड्याच्या आवारात तो ठेवावा लागतो. तेथे छताच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, चाके जागच्या जागी जुनी होतात, उंदीर तारा कुरतडतात, आणि शनिवारी मनात आले की निघावे ही जी मोकळीक त्या वाहनाने द्यायची, तीच हरवते. घराजवळ असलेला ट्रेलर मात्र संध्याकाळी डागडुजी करण्याच्या, पाहुण्यांना उतरवण्याच्या आणि वादळात वीज गेल्यास चूल पेटती ठेवण्याच्या कामी येतो. ग्रामीण घराची ओढ या दृष्टीने समजून घेतली, तर ती हट्टाची वाटत नाही. वस्तू जवळ असली तरच तिची निगा राहते, आणि तिची निगा राखण्याची मुभा हा मालकीचा गाभा आहे.

परंतु गावाकडे गेल्याने नियमांतून सुटका होते, ही समजूत टिकणारी नाही. तेथे नियम करणारा बदलतो आणि घरमालकांच्या समितीच्या जागी माती, पाणी व थंडी येतात. उपनगरात नळाचे पाणी आणि मैला वाहून नेणारी गटारे सर्वांची मिळून असतात. गावाबाहेरच्या घराला बहुधा स्वतःची विंधन विहीर आणि स्वतःचा सेप्टिक टँक लागतो. अमेरिकेतील पाचांपैकी एकाहून अधिक घरे सेप्टिक टँकवर अवलंबून आहेत. या टाकीतील पाणी छिद्रे असलेल्या नळ्यांतून जमिनीखालच्या शोषक्षेत्रात, म्हणजे मातीने ते गाळून घ्यावे अशा राखीव पट्ट्यात, सोडले जाते. हा पट्टा बहुधा सपाट, झाडे नसलेला आणि घराजवळ असतो, त्यामुळे ट्रेलर उभा करण्यास तो नवख्या माणसाला आयताच सोयीचा वाटतो. पण काही टन वजनाखाली माती दबली की तिची शोषणशक्ती जाते, नळ्या फुटतात आणि मैला वर येऊ लागतो. ट्रेलरच्या मैल्याच्या टाकीत टाकली जाणारी काही रसायने सेप्टिक टँकमधील जंतूंना मारक असल्याने, ती टाकी घरच्या व्यवस्थेत रिकामी करतानाही विचार करावा लागतो. खासगी विहिरींना 1974 चा सुरक्षित पेयजल कायदा लागू होत नाही, त्यामुळे स्वतःच्या निष्काळजीपणाने दूषित झालेल्या पाण्याची तपासणी करून देण्यास कोणी बांधील नसतो.

जमिनीचे इतर नियमही असेच सकारण असतात. रस्त्याकडेचा चर ओलांडून आत येण्यासाठी मोरी घालावी लागते आणि तिच्यासाठी काउंटीची, म्हणजे अमेरिकेतील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाची, परवानगी घ्यावी लागते. मोरी अरुंद घातली तर पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरते. ट्रेलर ओल्या गवतावर ठेवल्यास त्याचा तळ गंजतो, म्हणून दाबलेल्या खडीचा सपाट ओटा करावा लागतो. ट्रेलरच्या 30 अँपिअरच्या जोडणीला 120 व्होल्टचा दाब लागतो, आणि तिचा सॉकेट कपडे वाळवण्याच्या यंत्राचा आहे असे समजून 240 व्होल्टची तार जोडली गेल्यास आतील उपकरणे क्षणात जळतात. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यापूर्वी नळ्यांतील सगळे पाणी काढून त्यांत न गोठणारे बिनविषारी द्रावण भरावे लागते, कारण पाणी गोठताना फुगते आणि नळ्या फोडते. अशा गावांत वीज पोहोचली ती मुख्यतः 1935 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण प्रशासनाच्या कर्जांवर शेतकऱ्यांनी उभारलेल्या सहकारी संस्थांमुळे. म्हणजे जो माणूस शेजाऱ्यांच्या समितीपासून दूर जाण्यासाठी येथे येतो, त्याच्या घरातला दिवासुद्धा शेजाऱ्यांच्या सहकारावर जळतो. समितीच्या नियमापेक्षा मातीचा नियम कठोर असला तरी त्याचे कारण प्रत्येकाला तपासून पाहता येते, आणि तो पाळल्याने स्वतःबरोबर खालच्या अंगाला राहणाऱ्याचेही रक्षण होते. हा फरक नैतिक महत्त्वाचा आहे.

येथे आरंभी मांडलेला दुसरा प्रश्न, समाज कोणत्या निवाऱ्याला घर मानतो हा, उभा राहतो. अनेक काउंट्यांच्या भूवापर नियमांत रिकामा ट्रेलर स्वतःच्या जमिनीवर ठेवण्यास हरकत नसते, पण त्यात ठराविक दिवसांहून अधिक काळ राहण्यास मनाई असते. या मनाईला आधार नाही असे नव्हे: ट्रॅव्हल ट्रेलर कायमच्या वास्तव्यासाठी बांधलेला नसतो, त्याच्या भिंती पातळ असतात, आणि मैल्याची व्यवस्था नसेल तर तो सर्वांचे पाणी नासवतो. 2005 मधील कॅटरीना वादळानंतर बेघर झालेल्या कुटुंबांना सरकारने असे ट्रेलर दिले, त्यांपैकी कितीतरी पडक्या घरांच्या अंगणातच उभे राहिले, आणि काही काळाने त्यांतील बांधकाम साहित्यातून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या घातक वायूमुळे रहिवाशांच्या आरोग्याचा गंभीर प्रश्न निर्माण झाला. म्हणून चिंता खरी आहे. मात्र तिचे उत्तर म्हणून राहणाऱ्याला हुसकावले जाते, तेव्हा त्याच्यासमोर अधिक सुरक्षित घर उभे राहत नाही. तो मोटारीत किंवा रस्त्याकडेला जातो. वर्षातून चार आठवडे वापरला जाणारा ट्रेलर मालमत्ता म्हणून मान्य आणि बाराही महिने चूल पेटणारा ट्रेलर उपद्रव म्हणून अमान्य, अशी ही विभागणी आहे. जेसिका ब्रूडर यांच्या 2017 मधील ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने, घराचा खर्च न पेलल्यामुळे चाकांवर राहून हंगामी कामे करणाऱ्या वयस्क अमेरिकनांचे जे जग समोर आणले, ते या विभागणीच्या पलीकडच्या बाजूचे आहे. करोनाच्या साथीत सुट्टीसाठीच्या अशा वाहनांची मागणी एवढी वाढली की 2021 मध्ये 6 लाखांहून अधिक वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. त्याच काळात शहरांतील पगार घेऊन ग्रामीण भागात जमीन घेणाऱ्यांमुळे अनेक ठिकाणी तेथील तरुणांना घर घेणे अवघड झाले. एकाच्या सुट्टीच्या ट्रेलरला जागा झाली आणि दुसऱ्याला राहण्यासाठी ट्रेलरच उरला, असेही घडू शकते.

अमेरिकी विचारांत स्थिर घर आणि फिरते बिऱ्हाड या द्वंद्वाची चर्चा नवी नाही. भूदृश्याचे अभ्यासक जे. बी. जॅक्सन यांनी फिरत्या निवाऱ्याकडे तुच्छतेने न पाहता, कष्टकरी माणसांच्या घरबांधणीच्या जुन्या परंपरेचा भाग म्हणून पाहिले. उलट लेखक वॉलेस स्टेग्नर यांनी अमेरिकेच्या पश्चिमेत आलेल्या माणसांचे दोन प्रकार मानले: येऊन, मिळेल ते ओरबाडून पुढे जाणारे, आणि एका जागेवर जीव जडवून तेथेच टिकून राहणारे; त्यांचे विद्यार्थी आणि केंटकीतील शेतकरी-लेखक वेंडेल बेरी यांनी 2012 मधील आपल्या व्याख्यानात हाच भेद आधाराला घेतला. घराशेजारी ट्रेलर ठेवणारा माणूस या दोन प्रकारांपैकी कोणता, हे ट्रेलरवरून ठरत नाही. जमीन घेऊन आधी ट्रेलरमध्ये मुक्काम करणारा, पाणी कोठे साचते आणि वारा कोठून येतो हे एक वर्ष पाहून मग घराचा पाया घालणारा माणूस बिऱ्हाडाच्या आधारानेच मुळे धरतो. दुसरा कोणी पाच एकर घेऊन त्यांचा केवळ वाहनतळ करतो, विहिरीची खोली त्याला ठाऊक नसते, शेजाऱ्याचे नाव त्याला माहीत नसते, आणि त्याचे घर पायावर उभे असले तरी त्याचे राहणे बिऱ्हाडासारखेच असते.

म्हणून ट्रेलरला जागा असलेले ग्रामीण घर हवे असणे ही रास्त इच्छा आहे, पण तिची नैतिक किंमत खरेदीपत्रावर सही झाल्यावर चुकती होत नाही. कोणालाही अडचण न करणाऱ्या गोष्टीवर केवळ ती दिसते म्हणून बंदी असू नये, या तत्त्वावर जो उपनगर सोडतो, त्याच्यावर ते तत्त्व स्वतःच्या कुंपणाबाहेरही मानण्याची जबाबदारी येते. काउंटीच्या सुनावणीत, मैल्याची नीट सोय केलेल्या ट्रेलरमध्ये कोणा गरजूला राहू द्यावे की नाही असा प्रश्न आला, तर जमिनीच्या किमती घसरतील या भीतीने तो विरोध करणार असेल, तर ज्या समितीला कंटाळून तो येथे आला तीच त्याने बरोबर आणली असे म्हणावे लागेल. आपल्या अंगणातील रिकाम्या बिऱ्हाडासाठी मागितलेली मुभा दुसऱ्याच्या नांदत्या बिऱ्हाडालाही मिळावी, यासाठी तो त्या सुनावणीत उभा राहिला, तर मात्र त्या मोकळ्या जागेवरचा त्याचा हक्क खऱ्या अर्थाने सिद्ध होईल.