दर रविवारी आवळावा लागतो, तो जोड बसलेलाच नसतो

तो क्रँक आधी टेबलावर ठेव आणि त्याच्या चौकोनी भोकात नीट बघ. काय दिसतंय ते मी सांगणार नाही, तू सांग. कोपरे गोल झालेत, बरोबर. आणि कडेला ग्रीसमध्ये कालवलेली ती राखाडी भुकटी? ते याच क्रँकचं ॲल्युमिनियम आहे. तू ढिला क्रँक बसवून दिलास आणि बहिणीला त्यावर क्लासला पाठवत राहिलास. तिने पेडलवर दिलेल्या प्रत्येक दाबाला स्पिंडलच्या पोलादी कडा हे भोक खात गेल्या. आणि वर मला सांगतोस, "सर, मी दर रविवारी आवळत होतो."

दर रविवारी आवळावा लागतोय हेच तुला पहिल्या रविवारी खटकायला हवं होतं. फिटर ट्रेडला आहेस ना? कटकट आवाज येतोय, क्रँक हाताने हलवला तर डुलतोय, आणि तू पान्याला अर्धा पीळ देऊन सायकल परत तिच्या हातात देतोस! चढावर ती उभी राहून पेडल मारत असताना हा क्रँक निसटला असता आणि मागून बस असती तर? याचा विचार कुणी करायचा होता? तिने?

बोल्ट कशासाठी आहे, हे स्वतःला एकदा तरी विचारलंस का? पेडलचा भार बोल्टवर नसतो. स्पिंडलचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं, प्रत्येक बाजूला जेमतेम २ अंशांचा उतार. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर गच्च बसावी तसा क्रँक त्या उतारावर चढून बसतो, आणि त्या चार बाजूंच्या दाबावर सगळा भार तोलला जातो. बोल्टने क्रँक तिथवर रेटायचा आणि परत सरकू द्यायचा नाही, एवढंच. पण ते रेटणं पुरेशा जोराने झालं नाही, तर पाचर बसतच नाही.

तो जोर किती, हे तू हाताच्या अंदाजावर सोडलंस. अशा चौकोनी स्पिंडलच्या क्रँकला बहुतेक कंपन्या ३५ ते ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास सांगतात. ४० धर आणि गणित कर, फळा समोरच आहे. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर लागेल. आणि तू वापरलीस ती खिशातली घडीची ॲलन की, तिचा हात ८ सेंटिमीटर. तिथे तोच पीळ द्यायला ५० किलोचा जोर हवा. तुझ्या बोटांना वळ उठले म्हणून तुला वाटलं बोल्ट गच्च झाला. बोटं दुखली म्हणजे बोल्ट आवळला असं नसतं. हत्यार चुकीचं होतं.

पुढे काय झालं तेही ऐक, कारण तू इथेच फसलास. भोक मोठं झालं तसा क्रँक दर आवळणीला स्पिंडलवर आणखी आत गेला. शेवटी बोल्टचा वॉशर क्रँकवर न दाबता थेट स्पिंडलच्या टोकाला टेकला. पाना तिथे कडक थांबतो. तुला वाटतं झालं काम, पण तो थांबलेला असतो पोलादावर पोलाद टेकून, आणि क्रँक बाजूला मोकळाच. म्हणून आवळण्याआधी बघायचं: क्रँकच्या बैठकीपासून स्पिंडलचं टोक थोडं आत राहिलंय का? दोन्ही एका पातळीत आले असतील तर तो क्रँक गेला. कितीही आवळ, तो धरणार नाही.

आता रागाच्या भरात पान्याला पाइप लावून आवळायला जाऊ नकोस. जास्त पिळलास तर क्रँक चौकोनाच्या कोपऱ्यातून तडकतो. आणि ती पलीकडची गिअरची सायकल बघ, पोकळ ॲक्सलची. तिच्या डाव्या क्रँकला दोन छोटे बोल्ट आहेत, त्यांना १२ ते १४ न्यूटन-मीटर पुरे. तेही आलटून पालटून, थोडं याला, थोडं त्याला. तिथे ४० दिलेस तर आटे हातात येतील. शेजारची प्लास्टिकची टोपी फक्त खेळ काढण्यासाठी, ती नुसत्या बोटांनी फिरवायची. सायकल बदलली की आकडा बदलतो, म्हणून आधी माहितीपत्रक वाचायचं आणि मग हत्यार उचलायचं.

हातोडी मारून क्रँक बसवतात, असं तू आजोबांकडून ऐकलंस म्हणतोस. आजोबा खरं बोलतात, पण त्यांच्या काळ्या सायकलला कॉटर पिन होती. तिथेही लोक हाच घोळ घालतात: नट पिळून पिन ओढून घ्यायला जातात आणि आटे घालवतात. कॉटर पिन ठोकूनच बसवायची. क्रँकखाली पाइपचा भक्कम टेकू द्यायचा, म्हणजे घाव छऱ्यांवर जात नाही. पिन बसली की मग नट, तोही पिन सुटू नये एवढ्यापुरता. दोन्ही बाजूंच्या पिना उलटसुलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. ती रीत तिथली. या चौकोनी स्पिंडलवर हातोडी चालवलीस तर बेअरिंगही जाईल.

हा क्रँक भंगारात टाक. घासून, पत्र्याची पट्टी घालून तो पुन्हा चढवलास तर बघ. दुकानात जाताना जुना क्रँक बरोबर ने. त्याच्या मागे लांबी कोरलेली आहे, १७०, तीच घे. चौकोनाच्या मापांच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, तेव्हा स्पिंडलशी जुळणारं माप आहे याची दुकानदाराकडून खात्री करून घे. स्पिंडलच्या कडा झिजल्या असतील तर तोही बदल, पैशांकडे बघू नकोस.

सोमवारी सायकल इथे आण. चौकोन कोरड्या फडक्याने पुसायचा, बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लावायचं, आणि संस्थेचा टॉर्क रेंच ४० वर लावून माझ्यासमोर आवळायचा. खट्ट वाजलं की थांबायचं, खात्रीसाठी म्हणून आणखी एक ओढ द्यायची नाही. पहिल्या फेरीनंतर त्याच आकड्यावर एकदा तपासायचं. नंतर पुन्हा ढिला झाला तर पाना उचलायचा नाही, क्रँक काढून कारण शोधायचं. तोवर सायकलला कुलूप लाव आणि चावी माझ्याकडे आणून दे. बहिणीला काय झालं ते तू स्वतः सांग, आणि सोमवारपर्यंत तिला क्लासला सोडायचं कामही तूच कर.