आधी पोचला तो फिर्यादी

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, केळापूर, झरी जामणी या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या लहान शाळा बहुधा दोनशिक्षकी असतात. शिक्षण हक्क कायद्यानं 60 मुलांच्या पटापर्यंत दोन शिक्षक मंजूर केले आहेत, म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी वाटून घ्यायचे. चौथीला भागाकार समजावताना पहिलीकडे पाठ होते आणि तिकडून सुरू होतं, ‘मॅडम, यानं माह्यं रबर घेतलं’, ‘सर, हा मले चिडवते’. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून ‘चुगल्या करू नका’ निघालं तर त्याला दोष देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. तरीही हे फर्मान चुकीच्या जागी घाव घालतं. चुगली वाढते ती तिला मिळणाऱ्या मोबदल्यामुळे, आणि तो मोबदला शाळाच देत असते.

मूल चुगली करतं म्हणजे खोटं बोलतं, असा आपला एक पक्का समज आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बालवर्गांचं निरीक्षण करून गॉर्डन इन्ग्रॅम आणि जेसी बेरिंग यांनी 2010 मध्ये जे मांडलं, ते याच्या उलट आहे. मुलांच्या बहुतेक तक्रारी खऱ्या निघाल्या. त्याआधी, 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांना एक प्रश्न विचारला होता. वडिलांनी एका भावाला दुसऱ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, तर परत आल्यावर त्यांना सगळं सांगावं का? सहा-सात वर्षांची मुलं बहुतांशी ‘हो’ म्हणाली, मोठी झालेली मुलं भावाच्या बाजूनं गेली. लहान मुलाला नियम म्हणजे मोठ्यांची आज्ञा वाटते, म्हणून तो मोडणाऱ्याची खबर मोठ्यांनाच देणं त्याला सरळ वाटतं. पुढे सोबत्यांशी इमान येतं आणि खबर देणं आपोआप ओसरतं. म्हणजे पहिलीतल्या तक्रारींच्या भडिमारानं हैराण होण्यापेक्षा चौथीतल्या शांततेकडे जरा संशयानं पाहायला हवं.

आता मोबदल्याचं. शिक्षक कार्यालयीन कामासाठी वर्गाबाहेर गेले की मॉनिटर खडू उचलतो आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. ही सरकारमान्य चुगलीच झाली! फळ्यावर नाव लिहिलं तर शाबासकी आणि तेच नाव तोंडानं सांगितलं तर दटावणी, यातून मूल एवढंच शिकतं की खबर साहेबांना हवी असेल तेव्हा द्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, पण एका वाक्यावर दुसऱ्याला वर्गासमोर उभं करण्याची सवय गेली नाही. ती आहे तोवर तक्रार हे दुसऱ्याला पाडायचं हत्यार राहणारच. याउलट ‘तू त्याला काय म्हणालास? आता तुला काय हवं?’ असं विचारलं, तर ज्याला खरंच रबर हवं आहे तो रबर मागतो आणि ज्याला फक्त मजा पाहायची आहे त्याचा उत्साह मावळतो.

यवतमाळमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. एकाच वर्गात पोडावरचं कोलाम मूल, तांड्यावरचं बंजारा मूल आणि गावातलं वऱ्हाडी बोलणारं मूल शेजारी बसतात. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. बंजारांची गोरमाटी मराठीला त्या मानानं जवळची, पण तीही वेगळीच. धक्काबुक्की दोघांत होते, मात्र शिक्षकापर्यंत आधी पोचतो तो ज्याला मराठीत सांगता येतं. तो फिर्यादी ठरतो. दुसऱ्याला वाक्य जुळवायला वेळ लागतो, तोवर निकाल लागलेला असतो. अशा वर्गात सगळ्या तक्रारी ऐकल्या तर बोलक्यांचं राज्य होतं आणि सगळ्यांवर बंदी घातली तर मुळातच गप्प असलेल्याचं गप्प राहणं पक्कं होतं. म्हणून दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, आणि शब्द सापडत नसतील तर जागेवर नेऊन दाखवायला सांगायचं, एवढी शिस्त शिक्षकानं स्वतःला लावून घेतली पाहिजे.

यावर विचारलं जाईल की दोन शिक्षकांना एवढा वेळ कुठून मिळणार? पेन्सिल-रबराचे तंटे मुलांच्याच पंचांकडे द्यावेत, असं एक उत्तर सुचतं. तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांसमोर तंटे ऐकण्याची रीत इथल्या मुलांना परकी नाही. पण पंचायतीचं कौतुक करताना हेही आठवावं, की जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा करावा लागला. मुलांच्या पंचांना शिक्षेचा अधिकार देऊ नये, फक्त समेटाचा द्यावा. नाहीतर साधी कट्टी बहिष्कार व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. क्षुल्लक काय आणि धोक्याचं काय, हे सहा वर्षांच्या मुलानं कसं ओळखायचं? ते त्यानं ओळखूच नये, निवड मोठ्यांनी करावी. 2012 च्या पॉक्सो कायद्यात लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हा अपराध आहे, पण त्या शिक्षेतून बालकाला वगळलं आहे. कळवण्याचा भार कायद्यानं मोठ्यांवर टाकला; ‘चुगली करू नको’ म्हणणारा वर्ग त्यांच्यापर्यंत बातमी येण्याची वाटच अडवतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर शाळांतल्या तक्रारपेट्यांची पुन्हा चर्चा झाली. पेटी असावीच, मात्र पहिलीतल्या मुलाला अजून लिहिता येत नाही, आणि कोलामीत तर त्याला कुणी लिहायला शिकवणारही नाही. त्याच्यासाठी मारलं, घेतलं, दुखतं, भीती वाटते, एवढे शब्द तरी कोलामीत आणि गोरमाटीत शिक्षकाला यायला हवेत. त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची वाट पाहायची गरज नाही. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई बहुधा त्याच वस्तीतल्या असतात.