ज्याचे काम त्यानेच?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला तो संगणकावरचे काम बरोबर घेऊनच. आत वहिनी चकल्या तळत होत्या आणि बाहेरच्या खोलीत हे चिरंजीव त्या यंत्रापुढे मांडी ठोकून बसले होते.

त्या यंत्रात म्हणे आठ प्रोसेसर, म्हणजे काम करणारे आठ गडी. "मग कोणी काय करायचं, हे ठरवतं कोण?" मी विचारले.

"आतला कारभारी, काका. जो मोकळा, त्याला काम. पण मनात आणलं तर एखादा प्रोग्रॅम मी एकाच प्रोसेसरला बांधून टाकू शकतो."

बांधण्याचे कारण त्याने सांगितले ते मोठे समंजस होते. प्रत्येक प्रोसेसरच्या हाताशी छोटीशी स्मृती असते, चुलीजवळच्या मिसळणाच्या डब्यासारखी. तिथला जिन्नस सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास हाती येतो. मुख्य स्मृतीच्या कोठीतून आणायचा तर त्याच्या शंभरपट वेळ जातो. काम एका गड्याकडून दुसऱ्याकडे गेले की डबा नव्याने भरणे आले. पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक उभा केला, त्यात तर प्रत्येक प्रोसेसरची स्मृतीच वेगळी होती. कोणता तुकडा कोणाकडे, हे आधी ठरवल्याशिवाय तिथे पान हलत नसे.

मग गंमत म्हणून त्याने दोन जड कामे एकाच प्रोसेसरला बांधली. पडद्यावर एकाची रेघ माथ्याला टेकली. दोन्ही कामे आळीपाळीने रखडत होती आणि उरलेले सात गडी स्वस्थ बसले होते.

आम्हा कोल्हापूरकरांना बांधलेल्या कामाची गोष्ट नवी नाही. बापाचा धंदा मुलाने करावा, कारण त्याचा हात लहानपणापासून बसलेला असतो, असे बलुतेदारीचे समर्थक सांगत. हे म्हणणे साफ खोटे आहे असे मी म्हणणार नाही. कोल्हापुरी चपलेची वेणी घालायला जन्मभराचा हात लागतो. पण हात बसतो तो काम केल्याने. जन्माला येताना कोणी भरलेला डबा घेऊन येत नाही. शाहू महाराजांनी 1918 साली बलुतेदारी मोडली, तेव्हा त्यांनी कोणाचे कसब काढून घेतले नाही. गाठ तेवढी सोडली. संगणकातल्या कारभाऱ्याचीही रीत हीच, असे पुतण्या म्हणाला. काम होता होईतो जुन्याच गड्याकडे ठेवायचे, पण तिथे दाटी झाली की हलवायचे. शिवाय प्रोसेसरला दुसरे काही करावेसे वाटत नाही. माणसाचे तसे नाही. हिशेबात नेमके हेच राहून जाते.

इतके तत्त्वज्ञान झाडून मी चकली मागायला आत गेलो. "वहिनींच्या हातालाच ही भाजणी वळते," हे माझे ठरलेले वाक्य. बत्तीस वर्षे मी ते म्हणत आलो आहे, आणि बत्तीस वर्षे दिवाळीच्या तोंडावर वहिनी कढईपुढे आहेत. लग्नाआधी त्या देवल क्लबात गाणे शिकत. दिवाळीतल्या गाण्याला एकदा तरी जायचे आहे, असे त्या फार पूर्वी म्हणाल्या होत्या. तेव्हाही मी तेच वाक्य म्हटले असणार. वेठीला धरलेल्याला निदान तक्रार तरी करता येते. कौतुकाने बांधलेला माणूस काय करणार?

"वहिनी, पुढचा घाणा माझा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मला ताप भरला आहे. पण पाट सरकवून त्या भिंतीला टेकून बसल्या. मी भाजणी भिजवली, सोऱ्या भरला. पहिल्या चार चकल्या तेलात पडताच विरघळल्या. पुतण्या दारात उभा राहून हसत होता.

"मोहन जास्त झालंय, भावजी," वहिनी म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.